इर्मलीनचा मुलगा आमचा कोच

९ जून, सकाळी १०:४०
फोनवर दिसतंय, विमान आता श्रीव्हपोर्टच्या वर आहे. पश्चिमेलाच निघालंय. म्हणजे टेक्सास. मी म्हणत होतो.

विमान कोंबडीवाल्या पर्विससाहेबांचं. टॅलमेज कॉलेजच्या बेसबॉल संघाला कोच आणायचा असला की ते आपलं विमान देतात. त्याच्या शेपटीवरचा नंबर मला पाठ आहे. जुन्या कोचला रविवारी घालवलं. आज विमान उडालं. यात विचार करण्यासारखं काही नाही.

११:०५
टायलरला उतरलं. तिथून तासाभरावर एकच मोठा कोच राहतो. हटन ब्रील. चाहत्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर लिहून टाकलं : ब्रील येतोय, पक्कं, आतली बातमी. मेहुण्याने, ओडेलने, खाली लगेच विचारलं, दाजी, आतली म्हणजे कुठल्या आतली?

१० जून
पर्विसबाई टायलरला बहिणीकडे गेल्या होत्या.

नवा कोच विमानाने आलाच नाही. स्वतःच्या पिकअपने आला. नाव रॅन्स कॉफील्ड.

पुन्हा लिहून बघतो. रॅन्स कॉफील्ड.

माझ्या पोस्टखाली दोनशे सोळा जण हसलेत. ओडेलने लिहिलंय, पर्विसबाईंना निदान बॉल टाकता येतो का ते विचारा. कॉफील्डबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लोक विसरतात. मी विसरत नाही.

आजपासून पर्विसची कोंबडी घरात बंद. बायकोने, विल्डाने, फ्रीझर उघडून दाखवला. आहे ती संपल्यावर बंद.

११ जून
नोंद असावी म्हणून लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वीचा एप्रिल. कॉफील्ड तेव्हा आमच्या प्रतिस्पर्धी ब्रॉडहर्स्ट कॉलेजकडून खेळायचा, उजव्या बाजूला, कुंपणाला पाठ करून. कुंपणाच्या बाहेर आम्हा चाहत्यांचे ट्रेलर ओळीने उभे असतात. शेगडीवर सॉसेज, तोंड मोकळं. आमच्यात रीत आहे : सामन्याआधी समोरच्या खेळाडूच्या आईचं नाव शोधून काढायचं. मी शोधलं होतं. इर्मलीन. नऊ डाव ओरडलो, रॅन्स्या, इर्मलीन बोलावतेय, मक्याची भाकरी निवतेय! माणसं हसून हसून खुर्चीवरून पडली.

शेवटच्या डावात आमच्या पोराने चेंडू उंच मारला. कुंपण ओलांडून नेमका माझ्याकडे येत होता. ओलांडलं असतं तर आम्ही जिंकलो असतो. मी हात वर केले. कॉफील्ड कुंपणावर चढला आणि माझ्या नाकासमोरून चेंडू काढून घेतला. सामना संपला. मग त्याने वाकून तो चेंडू माझ्या शेगडीवर ठेवला, दोन सॉसेजच्या मध्ये. म्हणाला, घ्या काका, भाजा.

मी एकोणचाळीस वर्षांचा होतो.

१२ जून
ठरलं. कॉफील्ड नाताळच्या आत गेला पाहिजे.

सकाळी ९:१० ला कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाला पत्र पाठवलं. हा माणूस कोच असेल तर कुंपणावरची ट्रेलरची जागा क्रमांक सतरा मी परत करतो. ती जागा माझ्या वडिलांनी धरली तेव्हा तिथे झुडपं होती. बापलेक मिळून सेहेचाळीस वर्षं. अशी जागा कोणी सोडत नाही. म्हणूनच ते हादरतील.

विल्डाने विचारलं, आणि त्यांनी घेतली तर? तिला डावपेच कळत नाहीत.

९:३१ ला उत्तर आलं. ‘आपल्या प्रदीर्घ साथीबद्दल आभारी आहोत.’ एकवीस मिनिटांत उत्तर, म्हणजे खळबळ आहे. आता फोन येईल. फोनवर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचार करतो म्हणायचं.

१५ जून
फोन नाही. बैठका चालू असणार.

दारातल्या पत्रपेटीवरचा पत्र्याचा बगळा, आमच्या संघाचं चिन्ह, काढायला गेलो. वेल्डिंग निघत नाही. वरून पिशवी घातली.

शनिवारी मैदानावर कॉफील्डचं स्वागत आहे. कट्ट्यावर मी सुचवलं : तो बोलायला उभा राहिला की सगळ्यांनी पाठ फिरवायची. एक शब्द नाही. त्रेपन्न जण तयार. ओडेल म्हणतो, दाजी, मीही. एरवी तो माझ्यासमोर फार येत नाही. तीन दिवस तर नजरही चुकवतोय. आतून पेटला असावा.

१७ जून
स्वयंपाकघरात पाठ फिरवण्याचा सराव केला. विल्डा म्हणाली, मागून तू झाडाशी उभा राहिल्यासारखा दिसतोस. हात बाजूला सरळ ठेवायचं ठरवलं.

२० जून
तळलेले मासे फुकट होते. हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

कॉफील्ड बोलायला उभा राहिला तेव्हा त्रेपन्नच्या त्रेपन्न जण माशांच्या रांगेत होते. मी एकट्याने पाठ फिरवली. हात बाजूला. दोन बायका येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रांग इथून का हो, म्हणाल्या. मी बोललो नाही. मौन होतं. पाच मिनिटांत माझ्यासमोर अकरा माणसं उभी होती.

मग कॉफील्डच समोरून आला. मी हात मागे घ्यायच्या आत त्याने तो धरला. टोपीवरचा सतरा बघून म्हणाला, उजव्या कुंपणावरचे का तुम्ही? तिथे एक माणूस होता बघा. माझ्या आईचं नाव घेऊन नऊ डाव ओरडला. आई घरी रेडिओवर ऐकत होती, तिलाही ते ऐकू गेलं. अजून हसते. तिला एकदा त्या माणसाला बघायचंय.

माझ्याकडे बघून बोलत होता. आणि ओळख नाही.

ओडेल तोंडात मासा घेऊन म्हणाला, तो मी.

कॉफील्डने त्याला मिठी मारली.

मी म्हणालो, खोटं आहे. तो मी. कॉफील्ड म्हणाला, असू दे काका, दोघंही असाल. मी म्हणालो, दोघं नाही. एकटा. ओडेल त्या दिवशी दाढ काढायला गेला होता. ओडेल म्हणाला, दाजी, दाढ नंतरच्या वर्षी. लोक बघायला लागले. शेवटी पुरावा द्यावा लागला. मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळा श्वास लावून ओरडलो, रॅन्स्या, इर्मलीन बोलावतेय, मक्याची भाकरी निवतेय!

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. कॉफील्ड डोळे पुसत म्हणाला, हाच तो आवाज. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, फेब्रुवारीत सतरावर असाच हं काका. समोरच्यांच्या आयांची नावं मी स्वतः आणून देईन. आईला पहिल्याच सामन्याला तुमच्या शेजारी बसवतो.

घरी येऊन शांतपणे विचार केला. सूड बाहेरून घेता येत नाही. जवळ राहून, विश्वास संपादन करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो. पाच-सहा हंगाम. त्यासाठी सतरा नंबर हवा. सोमवारी पत्र मागे घेतो. कार्यालयाचा जीव भांड्यात पडेल.

बगळ्यावरची पिशवी काढली.

२२ जून
कार्यालयातल्या मुलीने नाव विचारलं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, सर, ती जागा बारा तारखेलाच दिली. ९:४० ला. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला. अकरा वर्षं थांबले होते बिचारे.

बिचाऱ्याचं नाव ओडेल प्राइन.

मी सांगितलं की कोचने स्वतः मला बोलावलंय. ती म्हणाली, कोच सगळ्यांनाच बोलावतात, सर. जागा यादीने जाते. माझं नाव यादीच्या तळाशी लिहून घेतलं. तीनशे आठ. माझा ट्रेलर तिथून उद्यापर्यंत हलवायचा आहे.

ओडेलला फोन केला. दहा दिवस माहीत होतं, बोलला का नाहीस? म्हणाला, दाजी, तुम्ही सूड घेत होता. मध्येच कसं बोलायचं?

२३ जून, सकाळी ७:३०
ट्रेलर बाहेर काढला. ओडेल त्याचा घेऊन आला होता. मागे घेताना त्याला कुंपण दिसेना. मी मागे उभा राहून हाताने दाखवत गेलो. अजून डावीकडे. अजून. बस.