हिच्यामुळे सुटलेली गाडी

३ जून, मंगळवार

गाडी निघाली! गॅरेजातून, जुन्या गाद्यांच्या ढिगाखालून. नातीने ओढून काढली. तिचे हात काळेकुट्ट, माझा नवा टॉवेल कामातून गेला. फटफटी ती, पण दिवा नाही, हॉर्न नाही, कुठे नाव नाही. टाकीवर रंगाचे तीन थर, वर एक पोचा. "आजी, ही जपानी आहे, शर्यतीची!" अगं, माहीत आहे की! सेहेचाळीस वर्षं तेच ऐकत आले. ह्यांचं पालुपद ठरलेलं — "मी रेसर होतो. लग्न झालं, हिच्यामुळे गाडी सुटली." दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि पाहुणे असे बघायचे की जणू मीच चाकात काठी घातली.

आता दोन वर्षं ह्यांची वाचा गेलीय. डावा हात तेवढा हलतो. घर कसं शांत!

५ जून, गुरुवार

नातीने जुन्या गाड्यांचा जाणकार आणला. टक्कल, चष्मा दोरीला बांधलेला, बोलायला गोड. इंजिनावर रॉकेल लावून चिंधीने तासभर घासत बसला. नंबर दिसल्यावर असा ओरडला की मांजर थेट कपाटावर! म्हणे अशा मोजून बारा गाड्या बनल्या. ही कुणी चालवली तेही शोधून काढतो म्हणाला.

ह्यांची खुर्ची दारात आणून ठेवली होती. डोळे भरलेले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पेपरात नाव येणार तुमचं!" मला बाई घास गिळवेना.

११ जून, बुधवार

आज दोनदा चहा घेतला. साखर घालून!

जाणकाराने फोटो आणला, शर्यतीच्या दिवसाचा. गाडी हीच, टाकीला तोच पोचा. पण वर बसलाय दुसराच कुणीतरी, मिशीवाला, ऐटीत. आणि बाजूला तेलकट कपड्यांत, हातात पाना घेऊन — हे! जाणकार खाली बघत म्हणाला, "मेकॅनिक असावेत. पुढे भंगार म्हणून गाडी मिळाली असेल त्यांना."

हे "अं अं" करत खुर्चीवर हात आपटायला लागले. मी म्हटलं, "अहो, आपटून खोट्याचं खरं होतंय का?" सून फस्सकन हसली, मग मुलगाही. मी तर पोट धरून.

१२ जून, गुरुवार

सकाळी अंग पुसताना ह्यांना विचारलं — मग काय सुटलं हो माझ्यामुळे? पाना?

१५ जून, रविवार

फोटो मोठा करून आणवला. ह्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर लावलाय. मुद्दाम! मान वळत नाही ना ह्यांची. व्याही आले होते, त्यांना मी स्वतः दाखवला. सून आता "पानेवाले बाबा" म्हणते. नात म्हणाली, "आजी, पुरे गं." तिला काय कळतंय! मुलगा मात्र जवळ येऊन बसला. "आई, आम्ही उगाच तुला बोल लावत आलो." हे जसंच्या तसं लिहून ठेवतेय. गुडघ्याचंही लिहायचं होतं, ते राहिलंच.

हे दोन दिवस जेवले नाहीत. नखरे.

१९ जून, गुरुवार

दुपारी जाणकाराचा फोन. नातीचा लागेना म्हणून घरी केला. उद्या लेकीकडे परदेशी निघालाय. घरात आम्ही दोघंच. मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला. शर्यतीची जुनी वही सापडली म्हणाला. मिशीवाला गाडीचा मालक, फोटोपुरता वर बसलेला. चालवणारे आमचे हेच. शर्यतीत दुसरे आले होते. पुढच्या वर्षीच्या पानावर ह्यांच्या नावावर काट मारलेली, आणि पुढे लिहिलंय — लग्नामुळे माघार.

"आजी, माझी चूक झाली. सगळ्यांना सांगाल ना?"

"सांगते की," म्हटलं आणि फोन ठेवला.

मागे वळले. ह्यांनी सगळं ऐकलं होतं.

सांगतील कुणाला!