उजव्या हाताचा धागा

सोम., ३ नोव्हें., दौंड
डायलिसिस. मी खाट तीनवर, आबा (मेंढपाळ, ओळख इथलीच) चारवर, नेहमीप्रमाणे. वैशालीने (टेक्निशियन; वय माझ्या मुलीएवढे, अधिकार सासूचा) आबांचे रक्त काचेच्या नळीत घेतले, मुठीत उबेला धरले आणि दर अर्ध्या मिनिटाला नळी तिरकी करून घड्याळाकडे पाहत राहिली. लवकर गोठले तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) वाढवायचे, उशिरा गोठले तर कमी करायचे. पाठशाळेत धूर पाहून अग्नी ओळखायला शिकलो. इथे अग्नीच पाहतात. पद्धत बरी.

आबा रोज सकाळी उजवे मनगट कानाला लावतात. सुया टोचायला तिथे धमनीला शीर जोडून फिस्टुला केलाय. रक्त वाहते असले की घरघर ऐकू येते. त्याला ते जाते म्हणतात. "फिरतंय, पंडित. दळन चालूय." डाव्या हातातल्या शिरा आधीच्या सुयांनी संपल्या. डॉ. नी बजावलेय, हा फिस्टुला गेला तर दुसरी जागा अवघड. म्हणून हे ऐकणे. मीही ऐकतो, माझा डावा हात. जाते वगैरे नाही. बातमी उशिरा गेल्यावर उपसंपादक करतो तशी कुरकुर.

गुरु., ६
आबांनी मंगळवारी शिरूरला दाढ काढून घेतली. हिरडी अजून ओली, म्हणून आज हेपॅरिन बंद. दर अर्ध्या तासाने सलाईन सोडून फिल्टर धुवायचा. वैशाली बॅटरीच्या उजेडात बघत होती. तिसऱ्या तासाला आत काळ्या रेघा, मग गोठलाच. त्यातले रक्त परत देता आले नाही. वर बी.पी. घसरले; पाय उंच करून झोपवले.
आबा तिला म्हणाले, मेंढराचं रगत बी आमी असं वाया घालवत न्हाई. ती हसली नाही. मी हसलो, मग तिच्याकडे पाहून आवरले.
निघताना त्यांची सून मंदा बोलावून गेली. उद्या घरभरणी.

शुक्र., ७
इनामगावच्या अलीकडे आबांची वस्ती. मेंढरे विकून दोन खोल्या बांधल्या, वर स्लॅब. मुलाने कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट बदलून घेतली होती. शिरूरचे गुरुजी आलेच नाहीत. एका मुहूर्तावर तीन घरे धरली होती म्हणे. सगळे माझ्याकडे बघू लागले. पाठशाळा सोडून तीस वर्षे बातम्या लिहिल्या, तरी पोथी पाठ. सांगितली पूजा.
शेवटी लाल धागे. पुरुषांना उजव्या हाताला, रीतीप्रमाणे. आबांना पहिला, नीट दोन गाठी मारून.
मंदाने विचारले, सोडायचा कधी? ठाऊक नव्हते. म्हणालो, सव्वा महिना हात लावायचा नाही. शास्त्र विचारले की मला 'माहीत नाही' म्हणवत नाही, जुनी खोड.
पुरणपोळी अर्धीच खाल्ली. पथ्य.

सोम., १०
वैशालीने आबांच्या मनगटावर बोटे ठेवली. मग स्टेथो. मग पुन्हा बोटे. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, म्हणून धागा उशिरा दिसला. भिजून आवळलेला, कातडीत रुतलेला. तिने कात्रीने कापला. खाली वळ.
जाते बंद.
"कवापासनं?" तिने त्यांच्याच बोलीत विचारले.
"काल सकाळपासनं आवाज कमी व्हता. मंदा म्हनली, धागा सोडू का. म्या म्हनलं, पंडितानं सव्वा महिना सांगितलाय."
त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर...
डॉ. म्हणाले गुठळी झालीय. गुरुवारी बी.पी. पडले, हेपॅरिन नव्हते, वर हा धागा. यातले कशाने, सांगता यायचे नाही. गुठळी काढायला लगेच पुणे. निघाली तर ठीक.
मला सुया टोचल्या, चार तास चालले. शेजारची खाट रिकामी.

मंगळ., ११
कालवा समितीच्या बैठकीची बातमी द्यायची होती. दोन ओळी झाल्या. कात्रीने कापलेला धागा माझ्या खिशात निघाला. कधी उचलला, आठवत नाही.
मंदाला फोन. ऑपरेशनला आत घेतलेत, म्हणाली. सव्वा महिन्याचे खरे सांगणार होतो. नाही सांगितले.

बुध., १२
सकाळी आबांचाच फोन, पुण्याहून. आवाज बारीक. गुठळी काढली म्हणे, टिकते का ते दोन दिवस बघणार.
मग सांगितले. सव्वा महिना कुठल्याच पोथीत नाही, आबा. मी मनाने बोललो. आणि हात कोणता, तेही पाहिले नाही.
"मला वाटलं व्हतं तसं. सांगताना तुमी वर स्लॅबकडं बगत व्हता. बांधून मात्र पक्का बांधला."
मग म्हणाले, "पट्टी हाय, मला काय कळंना. फोन हाताला लावतो. तुमी ऐका."
ऐकले. घरघर होती. पंख्याची, फोनची, की आतली. हो म्हणणे जिभेवर आले होते.
"मला कळत नाही, आबा. डॉक्टरांना विचारा," मी मोठ्याने म्हणालो.
"इचारतो," ते लांबून म्हणाले. "पन तुमी ऐका अजून."
फोन त्यांनी मनगटावरून काढला नाही. मीही कानावरून.