वाकड्या हसण्याची नोंद

आदरणीय दादांना आणि त्यांच्या रुसलेल्या उजव्या गुडघ्याला सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे पुढच्या गुरुवारी माझ्या महाधमनीची कमान बदलणार आहेत. (फुगली आहे. तुमची बहीण म्हणते, घरात फुगायचं तेवढंच राहिलं होतं.) तीस वर्षं ऑपरेशनांत हृदय थांबवलं की रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन मी चालवलं, तुम्ही शेजारी बसून भूल देऊन माणसं झोपवलीत, आणि आता तसल्याच टेबलावर मी आडवा होणार. हृदयाची मला चिंता नाही; ते थांबवून परत चालू केलेलं मी उदंड पाहिलंय. भीती डोक्याची आहे. धमनीच्या भिंतीचा एखादा कण नाहीतर हवेचा बुडबुडा मेंदूत गेला, की हातपाय तरी जातात किंवा वाचा तरी. हातापायांचं एक वेळ निभावेल, पण वाचा गेल्यावर माझ्यात उरतं काय, तुम्हीच सांगा.

सर्जनबाईंनी (वयाने आपल्या मुलींएवढ्या) सगळं नीट समजावलं. आधी धमनीवर सोनोग्राफी फिरवून कडक झालेली जागा टाळणार, अंग थंड करणार, मेंदूला वेगळ्या नळीने रक्त चालू ठेवणार, आणि कपाळावरच्या पट्ट्या मेंदूतला ऑक्सिजन दाखवत राहणार. मी गप्प बसून ऐकलं. (यावर घरात कुणाचा विश्वास नाही.) आपल्या वेळी काय होतं, दादा? डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या आणि भिंतीवरचं घड्याळ. रक्त थांबलं की मी मिनिटं मोठ्याने मोजायचो, आणि वीसच्या पुढे थिएटरात कुणी खोकतसुद्धा नसे. आठवतं, एकदा पिशवी फुटून सगळं पाणी तुमच्या बुटांत गेलं? केस संपल्यावर तुम्ही घरून कोरडे मोजे मागवलेत, ते घेऊन तुमची बहीण आली, आणि मोजे दारापासून तुमच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. (दारात मी होतो.) ते दिवस फार आठवतात हो. भीती तेव्हाही होती, पण आपण ती वाटून घ्यायचो.

असो. परवाचा घोळ सांगतो. ऑपरेशननंतर ताडून पाहता यावं म्हणून माणूस आधी कसा होता ते लिहून ठेवतात. त्यासाठी सिस्टरने बोलावलं. म्हणाली, आज वार कोणता? निवृत्त माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? मी ठणकावून रविवार सांगितला, निघाला मंगळवार. मग म्हणाली, हसा. नवी कवळी डावीकडे सैल आहे, म्हणून बेताने उजवीकडूनच हसलो. हात वर करायला सांगितले, तर डावा खांदा आखडलेला, अर्ध्यावरच थांबला. तिने शांतपणे लिहिलं: गोंधळलेला, चेहरा वाकडा, डावा हात अशक्त. (इतकं नेमकं प्रमाणपत्र मला तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं.) लगेच चाकाच्या खुर्चीत घालून स्कॅनला नेलं. मेंदू स्वच्छ निघाला. मुळात निघाला, याचंच तुमच्या बहिणीला कौतुक. पण कागदावरची नोंद काही कुणी खोडली नाही. म्हणजे गुरुवारनंतर माझं तोंड खरंच वाकडं झालं, तर म्हणतील, हे आधीपासूनच असं आहे!

तुम्ही यायची अजिबात गरज नाही. गुडघा सांभाळा. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा
(अजून तरी अखंड बोलणारा) नवरा

ता. क. या. खरंच या. सिस्टर वार विचारेल, तो मी पाठ करतोय, त्यामुळे त्याला काही अर्थ नाही. मी आधी कसा होतो हे ठाऊक असलेलं कुणीतरी तिथे हवं. तुमच्या बहिणीवर हे टाकवत नाही; ती माझ्यासमोर चेष्टा करते आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तुम्ही उशाशी बसा आणि चारचौघांत सांगता तसं सांगा, की निवृत्तीच्या दिवशी मशीन बंद करताना मी रडलो. मी हमरीतुमरीवर आलो, तर डोकं शाबूत आहे. मुकाट मान डोलावली, तर सर्जनबाईंना ताबडतोब बोलवा.

आणखी एक ता. क. रडलो होतो. तुम्ही पाहिलंत आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवलंत, तेही मला ठाऊक आहे. ही कबुली गुरुवारपर्यंतच ग्राह्य धरावी. शुद्धीवर आल्यावर मी साफ नाकारणार आहे. नाकारता यावं, एवढीच इच्छा.