पोचेल त्याची चूक

६ नोव्हेंबर २०१५, शुक्रवार

हरलो. अकरा-नऊ. वहीत बाळकृष्णाच्या नावापुढे तीन एरर लावले आणि फार बरं वाटलं.

स्कोअरची वही हॉलिस साहेबाने माझ्याकडे दिली, कारण फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर मी, नोंदी ठेवायची सवय मला. (खरं कारण — मी मैदानात उभा राहिलो की लोक हसतात.) साहेब अमेरिकेचा. क्रिकेटचं नाव काढलं की जांभई देतो. म्हणून इथे ओमानात, सोहारच्या वसाहतीतल्या आम्हा पाइप फॅक्टरीवाल्यांना त्याने बेसबॉल शिकवलं. वर्ष झालं, अजून निम्मे जण चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळतात!

नियम असा — फिल्डरने धरायलाच हवा होता असा चेंडू सुटला, तर त्याच्या नावावर एरर. धरायला हवा होता की नव्हता, हे कोण ठरवणार? वहीवाला. म्हणजे मी!

बाळकृष्ण माझा साडू. मैनाच्या धाकट्या बहिणीचा, कलावतीचा नवरा. गुहागरकडचा वेल्डर. तीन वर्षांपूर्वी व्हिसा मी काढून दिला. मस्कतला उतरला तेव्हा पायात रबरी चपला होत्या. आता शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पवरून माझ्याकडे जेवायला येतो आणि सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडतो. मला शेपटी.

८ नोव्हेंबर

करक चहाच्या दुकानात पुन्हा तोच वाद. तौहीद मोठा की बाळकृष्ण?

तौहीद म्हणजे फॅक्टरीच्या तीन नंबर शेडमध्ये — बे तीन म्हणतात — क्रेनखाली पाइप बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. रत्नागिरीचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. काय हाणतो! ऑक्टोबरात चार मॅचमध्ये सात होम रन. चेंडू कुंपणापलीकडे, थेट टँकरच्या रांगेत.

मी म्हटलं, "तौहीदला चढलं की चढलं. एकटा मॅच काढतो."

स्टोअरवाला कासमभाई लगेच — "आणि उतरलं की? मागच्या मार्चात बॅटला चेंडूचा वारा लागला नव्हता त्याच्या. बाळकृष्ण दर शुक्रवारी चार धावा वाचवतो. ते तुझ्या वहीत कुठे आहे?"

"वाचवलेल्या धावांना कॉलम नसतो."

"मग आख की कॉलम! पट्टी नाही काय तुझ्याकडे?"

सगळे हसले. तौहीद स्वतःसुद्धा. म्हणाला, "माझं इथल्या वादीसारखं, कोरड्या ओढ्यासारखं आहे भाई. आली तर पूर, नाहीतर नुसते धोंडे." माणूस दिलदार. म्हणून तर आवडतो. दुसरा, बाळकृष्ण, तिथेच कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांचे ग्लास गोळा करत होता. इतका चांगुलपणा मला सहन होत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो. तौहीद शून्य. बाळकृष्णाला दोन एरर.

साहेबाने वही मागितली. पानं उलटली, हसला. म्हणाला, या आकड्यांवर जाऊ नकोस. जो पोचतो त्याच्याच हातून चेंडू सुटतो. जो पोचतच नाही, त्याची पाटी कोरी. सगळ्यात जास्त एरर असलेला माझा माणूस सगळ्यात चांगला आहे.

मी म्हटलं, येस सर.

समजलं मला. न समजायला मी काही शेंबडा पोर नाही.

१८ नोव्हेंबर

नॅशनल डेची सुट्टी. बाळकृष्णाने न सांगता आमचा गीझर दुरुस्त केला. मैना म्हणाली, "बघा! तुम्ही असता तर आधी 'काम चालू आहे'चा बोर्ड लावला असता आणि मग महिनाभर काम बंद."

सोनल खदाखदा हसली. अकरा वर्षांची पोर, मराठी धड बोलता येत नाही, पण बापाला हसायला भाषा लागत नाही.

रात्री सासूबाईंचा फोन. दहा मिनिटं बाळकृष्ण. शेवटी, "आणि तुम्ही बरे आहात ना?"

ज्याला आणला त्याच्याशीच मला ताडून बघतात!

२६ नोव्हेंबर

आज बाळकृष्णाच्या परत दोन चिठ्ठ्या. अपघात होता होता वाचला किंवा होईलसं दिसलं, तर कामगाराने निअर मिसची चिठ्ठी लिहून द्यायची, असा साहेबाचा नियम. पांढरी माझ्याकडे राहते, कार्बनची गुलाबी प्रत माझ्या सहीने लिहिणाऱ्याकडे. कोण लिहितं? कोणी नाही. नाव नोंदवलं जातं म्हणून सगळे गप्प. फक्त हा! या वर्षात सत्तावीस. बाकी सगळ्या फॅक्टरीच्या मिळून पाच. तौहीदच्या टोळीची एकही नाही.

आजची एक — "बे नंबर तीनच्या क्रेनचा पाइप उचलायचा बेल्ट शिवणीवर उसवला आहे." अक्षर देवनागरी, सुवाच्य, पहिल्या बाकावरच्या मुलाचं. सही केली, ड्रॉवरमध्ये टाकली. वाचायचासुद्धा कंटाळा येतो. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे 'दादा, हे तुमच्या नजरेतून सुटलं' असं म्हणणं. भाषा मात्र अशी नम्र की काही बोलता येत नाही.

तौहीदला सहज विचारलं, बेल्ट कसा आहे रे? म्हणाला, "अजून चार महिने जाईल, इन्शाल्ला. माझ्या हाताखाली आजवर काही पडलंय काय?"

नाही पडलं. नशीबवान आहे.

११ डिसेंबर, शुक्रवार

आजचं लिहून ठेवतो. नववा डाव, आम्ही एका धावेने पुढे. चेंडू जमिनीलगत, गोळीसारखा. बाळकृष्ण शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो. तिथून हा वाळूत आडवा झेपावला — ग्लोव्ह काढून, उघड्या हाताने! गुहागरच्या पुळणीवरची सवय. चेंडू हाताला लागला, थांबला, निसटला. पण पुढे गेला नाही. धाव वाचली. जिंकलो.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. करंगळी टम्म सुजलेली, आणि हा हसतोय.

मी एरर लावला.

सोनल माझ्या खांद्यावरून बघत होती. "बाबा, नो! ते... ते काकाची मिस्टेक नाही. कोणच नाही पोचला असता. ओन्ली काका पोचला."

म्हटलं, नियम नियम असतो.

"यू आर मीन, बाबा."

एवढं इंग्रजी मला येतं.

२० डिसेंबर

तेलाचे भाव पडलेत म्हणून मस्कतच्या ऑफिसने बॉम्ब टाकला. बारा वेल्डर कमी करायचे. हॉलिस साहेब नाताळला अमेरिकेत, दहा जानेवारीपर्यंत नाही. फॉर्म सरळ माझ्याकडे! प्रत्येकाच्या नावापुढे 'घटनांची संख्या' भरून पाठवा, बुधवारपर्यंत. जास्त घटनावाले आधी जाणार.

निअर मिस ही घटना धरायची की नाही? फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही.

कोण ठरवणार? वहीवाला.

२२ डिसेंबर

झोप नाही. स्वतःशी तरी खोटं कशाला — मला तो इथे नको आहे. त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. उलट केलंय ते सगळं चांगलंच. पण तो आला की माझ्या घरात मी लहान होतो. गावाला त्याची दहा गुंठे जागा आहे, करील काहीतरी. कंपनीने एनओसी दिली नाही तर दोन वर्षं ओमान बंद. आणि कंपनी देत नाही, हे मला माहीत आहे.

२३ डिसेंबर

बाळकृष्ण — ३१. त्याच्या खालच्याला २.

पाठवलं.

३ जानेवारी २०१६

यादी लागली. पहिलंच नाव.

संध्याकाळी घरी आला. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. सोफ्याच्या काठावर बसला. "दादा, माझं काय चुकलं?"

"तेल पडलंय बाबा. मस्कतवाल्यांचं काम. मी कोण?"

"नाही, तुम्ही केलं असतं तर... म्हणजे तुम्ही प्रयत्न केलाच असणार."

"केला की."

हात जोडले त्याने मला! मैना स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मनात म्हटलं, धनंजयराव, गड आला. सिंह गेला तर जाऊ दे.

११ जानेवारी

साहेब परत आला. पहिला प्रश्न — माझा शॉर्टस्टॉप कुठाय? सांगितलं. खुर्चीतून उठला. मस्कतला फोन केला, ओरडला, पण व्हिसा रद्द झालेला. खलास.

मला म्हणाला, कुठल्या आकड्यांवरून?

मी म्हटलं, सर, ऑफिसने मागितले ते आकडे.

खुर्चीत परत बसला. मग म्हणाला, तू तर वही ठेवतोस.

१४ जानेवारी

बाळकृष्णाला मस्कतच्या विमानतळावर सोडला. मैनाने हट्ट धरला म्हणून. अडीच तास गाडीत दोघंच. कलावतीने घराच्या दुसऱ्या खोलीचा पाया खणून ठेवलाय, आता तो बुजवावा लागेल म्हणाला. हसून म्हणाला. मी रस्त्याकडे बघत होतो.

निघताना ग्लोव्ह सोनलला देऊन आलाय आणि मैनाकडे कसलीशी प्लास्टिकची पिशवी. जुने कपडे असतील.

आत जाताना मागे वळला. वाटलं, आता काहीतरी बोलणार, शिवी देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

"दादा, तेवढा बे तीनचा बेल्ट बदलून घ्या. तौहीदभाई त्याच्या खालीच उभा राहतो. चार वेळा लिहून दिलंय."

हो हो, म्हटलं.

१५ जानेवारी, शुक्रवार

एकोणीस-चार. धूळधाण. त्याच्या जागेवरून चेंडू असे जात होते जसं काही तिथे दारच उघडं ठेवलंय. कोणी हललंसुद्धा नाही. कोणी पोचलंच नाही. म्हणून वहीत आज एरर — शून्य! वर्षातली पहिली स्वच्छ मॅच.

तौहीद मात्र पेटलाय. तीन होम रन. चढलं की चढलं!

कासमभाईने वहीत डोकावून पाहिलं. "शून्य? वा! आता मैदानात माणसंच ठेवू नकोस. शून्यच येईल कायम."

दुपारी मधला तुकडा माझ्या ताटात. मैनाने वाढला. खारट होता.

२१ जानेवारी

मैना बोलत नाही. सोनल ग्लोव्ह घालून अभ्यासाला बसते.

तौहीदचा शिफ्टमध्येही जोर चाललाय. म्हणाला, या महिन्यात रेकॉर्ड करतो भाई, हात लागलाय. बेल्टचं सांगायचं मनात आलं. पण आता नवा मागवला तर साहेब विचारणार, हे कधी कळलं, कोणी कळवलं. ड्रॉवर उघडावा लागेल. पुढच्या महिन्यात बघू.

२४ जानेवारी, रविवार

सकाळी नऊ वीस. बे नंबर तीन. बेल्ट तुटला.

तौहीद खाली होता. पाइप उजव्या पायावर. ओरडत नव्हता, फक्त 'यल्ला, उठाओ, उठाओ' म्हणत होता, जसं काही दुसऱ्याच कोणावर पडलाय.

मी टेपने जागा आखली. ते माझं काम.

२५ जानेवारी

तौहीदचा पाय गुडघ्याखालून काढला. सदतीस वर्षांचा आहे.

साहेबाने विचारलं, याआधी कोणी कळवलं होतं? मी म्हटलं, नाही सर. आवाज नेहमीसारखाच निघाला.

त्याआधीच सकाळी ड्रॉवर रिकामा केला होता. पांढऱ्या सगळ्या चिठ्ठ्या बारीक फाडून कॅन्टीनच्या खरकट्यात. बेल्टच्या चार होत्या. या वेळी वाचल्या. चौथीत खाली लिहिलं होतं, "दादा, कृपया." बाकी काही नाही.

२७ जानेवारी

हॉस्पिटलात गेलो. तौहीदची बायको, हाफिजाभाभी, कॉटपाशी बसून होत्या. तौहीदने माझा हात धरला. म्हणाला, "नशीब, भाई. बंद पडलं एकदम. बॅटचं कसं होतं तसं." मग म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी काय चूक?"

भाभींनी मला पाणी दिलं. प्यायलो.

कोणाला काही कळणार नाही. तरी येताना ऑफिसात जाऊन ड्रॉवर पुन्हा उघडून बघितला.

२९ जानेवारी, शुक्रवार

मॅच नाही.

मैनाने सुरमई केली, भाभींसाठी डबा भरला. मग कपाटातून बाळकृष्णाची ती प्लास्टिकची पिशवी काढून डब्यावर ठेवली. कपडे नव्हते. एकतीस गुलाबी चिठ्ठ्या, तारखेने लावलेल्या. 'ताई, दादांना सवडीने द्या, नव्या वेल्डरला उपयोगी पडतील,' असं सांगून गेला होता. तिने आज वाचल्या. प्रत्येकीवर खाली माझी सही आहे, 'मिळाली' म्हणून.

म्हणाली, "भाभींना मी वाचून दाखवणार आहे. मग तुमच्या साहेबाला. तुम्ही गाडी काढताय, की मी टॅक्सीने जाऊ?"

म्हटलं, काढतो. चावी आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. ती खाली उभी आहे, सोनलला घेऊन. चावी माझ्या हातातच आहे.