मिळमिळीत

११ मार्च

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईकडे जाऊन बसलीस ते ठीक, पण शनिवारच्या प्रयोगानंतर नाटक सोडणार म्हणून परस्पर कळवून टाकलंस? आत्याला विचारायचंस तरी!

पेपरात त्या मेल्याने तुझ्या कामाला ‘मिळमिळीत’ म्हटलं. आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. ‘वाईट’ का नाही लिहिलं? ‘रटाळ’ का नाही? हाच शब्द कशाला?

मेकअपवाल्या काकांना गाठलं. म्हणाले, “रटाळ म्हणजे संपता संपत नाही ते. पोरीचं तसं नाही हो.” दिवेवाला म्हणाला, “वाईट झालं की लोक ओरडतात. मिळमिळीत झालं की खोकत बसतात.” आणि वर म्हणतो कसा, “नाटकातल्या नवऱ्याशी भांडताना तिचं तोंड त्याच्याकडे, पण कान तुमच्याकडे!”

काहीतरीच! मी विंगेत बसते ती अडलीस तर शब्द पुरवायला. असं त्याला ठणकावलं खरं, पण घरी आल्यावर मागचा प्रयोग आठवला. मला ठसका लागला, मी पाणी प्यायला आत गेले, आणि तेवढ्यात तू नवऱ्यावर अशी कडाडलीस की टाळ्या पडल्या. मी धावत जागेवर आले, तर तू पुन्हा थंड.

शाळेच्या स्टेजवर तू अडखळून रडली होतीस ना, तेव्हापासून मला धीरच धरवत नाही गं. तुझं प्रत्येक वाक्य मी आधी पुटपुटते आणि तू त्याची वाट बघतेस. मिळमिळीत म्हणजे हेच असावं, दुसऱ्याने आधीच चावून दिलेलं. त्या पेपरवाल्याला तुझं काम दिसलंच नाही, माझं दिसलं.

शनिवारी ये. नंतर सोडायचं तर खुशाल सोड, पण हा एक प्रयोग माझ्याशिवाय करून बघ. विंगेतली माझी खुर्ची उचलायला लावली आहे. शेवटच्या रांगेतलं तिकीट काढलंय. अडलीस तर अडलीस, तिथून माझा आवाज पोचायचा नाही. त्या नवऱ्याला तू तुझ्या तोंडाने काय सुनावतेस, ते मला एकदा ऐकायचंय.

तुझी,
तोंड मिटून बसणारी
आत्या