दुर्बीण, दोन्ही हातांनी

३ नोव्हेंबर, रविवार
आज सूड घ्यायचं ठरवलं. तारीख मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे कामाला येईल.

सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचे गुडघे गेले, आता रेसला जाणं बंद. जेवणानंतर त्यांनी कपाटातून दुर्बीण काढली. तीच, पितळी, चामड्याच्या पेटीतली. मी हात पुसून पुढे सरकलो. थोरला जावई मी. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर रेसकोर्सवर जाऊन त्यांचा थर्मास वाहिला, उन्हात त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. आणि दुर्बीण दिली कुणाला? साडूला! धाकट्या जावयाला! का, तर म्हणे तो बुकी, त्याचं पोट घोड्यांवर चालतं. माझी काय घोड्यांशी दुश्मनी आहे?

वर साडू म्हणाला, भाऊंना दुर्बीण कशाला, त्यांचा घोडा सगळ्यात शेवटी असतो, शोधावा लागत नाही. सगळे हसले. ही सगळ्यात आधी हसली.

संकल्प: हंगाम संपायच्या आत साडू ती दुर्बीण मला देईल. दोन्ही हातांनी. सगळ्यांसमोर. मान खाली घालून. तोवर त्याच्याशी अबोला.

४ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसात दिवसभर दात-ओठ खाल्ले. दुपारी हत्यार सापडलं. गणित!

विमा कंपनीत आयुष्य गेलं माझं. माणसं साधारण कधी जातील याचे तक्ते माझ्या टेबलावर असतात. घोडे कधी येतील हे काय मोठं? पद्धत अशी. आधी प्रत्येक घोड्याला शंभरापैकी रेटिंग द्यायचं. मागच्या रेसेस, पाठीवरचं वजन, जॉकी, सगळं बघून. मग रेटिंगचा भाव करायचा. सगळ्या घोड्यांच्या रेटिंगची बेरीज, आणि त्यात एकाचा वाटा किती, तेवढी त्याची जिंकायची शक्यता. समजा एखाद्याचा खरा भाव एकास आठ निघाला, म्हणजे जिंकला तर रुपयाला आठ रुपये, आणि साडूच्या भावाच्या बोर्डावर एकास वीस आहे. म्हणजे साडू अडाणीपणाने जास्त देतोय. तिथेच त्याला धरायचा. दोन महिन्यांत बोर्ड गुंडाळून घरी बसेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पद्धत हिला समजावली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, एक घोडा ब्याण्णवचा, एक पासष्टचा, तर तुमच्या हिशेबात दोघांत फारसा फरकच दिसत नाही. वर्गात ब्याण्णववाली मुलगी आणि पासष्टवाला मुलगा असला, तर नवातून एकदा पासष्टवाल्याचा पहिला नंबर येतो का हो?

मी म्हटलं, तू भाजी निवड.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिली रेटिंग तयार. तीन संध्याकाळी राबलो. सासरच्या ग्रुपवर टाकली. भाव मात्र गुप्त. साडूला माझी बुद्धी दिसू दे, हत्यार नको दिसायला. नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत.

साडूने दोन मिनिटांत हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आत्तापासूनच शरण!

वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे युद्धनिधीत वळवले. हिला बोललो नाही. महिन्याभरात दोन मशीन आणू.

१० नोव्हेंबर, रविवार
घोडामैदान जवळच आहे म्हणतात, आज मैदानावरच होतो.

मोठ्या रेसला आठ घोडे. माझ्या रेटिंगमध्ये सगळ्यात वर कॉपर बेल, ब्याण्णव. सगळ्यात खाली ग्रँड ड्यूक, पासष्ट. भाव काढले. कॉपर बेल एकास साडेपाच, ग्रँड ड्यूक एकास साडेआठ. साडूच्या बोर्डावर कॉपर बेल एकास एक! शुद्ध लूट. आणि ग्रँड ड्यूक एकास चाळीस!! साडेआठचा माल हा गृहस्थ चाळीसला वाटतोय.

अबोला असल्यामुळे चिठ्ठी लिहून दिली. साडूने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली. म्हणाला, भाऊ, हा नको हो. आवाज अगदी काकुळतीचा. घाबरला! मी मान ताठ ठेवून पैसे पुढे केले.

निकाल: कॉपर बेल पहिली. माझं रेटिंग अचूक! ग्रँड ड्यूक आठवा. जॉकी त्याला गोंजारत होता, पळवत नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार
सात रेसेस. त्यात माझ्या रेटिंगमध्ये पहिले असलेले पाच घोडे जिंकले. पाच! विमा कंपनीत असा तक्ता केला असता तर प्रमोशन मिळालं असतं. त्यांच्यावर पैसे लावले नाहीत, कारण साडू त्यांना फुटकळ भाव देत होता. तत्त्व म्हणजे तत्त्व.

माझ्या पैजा: सातवा, आठवा, नववा, परत आठवा. एक घोडा सुरुवातीच्या फाटकातून निघालाच नाही. त्याला मी हरला असं धरत नाही.

ट्रॅक ओला होता, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिच्याशीही अबोला धरावा काय? पण मग चहा कोण देणार.

२४ नोव्हेंबर, रविवार
ग्रँड ड्यूक, एकास पन्नास. माझ्या हिशेबाने अजून साडेआठच. म्हणजे साडू आता दुप्पट वेडा झालाय. दुप्पट लावले.

आठवा.

साडू म्हणाला, भाऊ, चहा घेऊन जा. घेतला नाही. मग तहान लागली तेव्हा कॅन्टीनमध्ये जाऊन विकत घेतला. थंड होता.

३० नोव्हेंबर, शनिवार
जुनं मशीन बंद पडलं. ही म्हणाली, नवं आणू या, पैसे आहेतच. मी म्हटलं, हाताने धुतलेले कपडे जास्त टिकतात. ही म्हणाली, मग धुवा.

धुतले. चादर पिळताना मनगट दुखावलं. हाही साडूच्या खात्यावर.

६ डिसेंबर, शुक्रवार
ताप. रेटिंग जमलं नाही. संध्याकाळी साडूचा फोन. हिच्याशी बोलला, भाऊंची तब्येत कशी आहे, डॉक्टरकडे नेलं का, आणि हो, रेटिंग अजून आलं नाही ते. आवाज कासावीस होता म्हणे. चोराच्या मनात चांदणं! माझ्या आकड्यांचा धसका घेतलाय त्याने.

हिने फळं आणायला सांगितली होती, ती साडू स्वतः घेऊन आला. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. संत्री चांगली होती.

७ डिसेंबर, शनिवार
ताप उतरला. अंथरुणात बसून रेटिंग पूर्ण केलं, ग्रुपवर टाकलं. साडूने एका पाठोपाठ एक पाच वेळा हात जोडले.

८ डिसेंबर, रविवार
एक मजा झाली. साडूचा बोर्ड आज सगळ्यांच्या नंतर लागला. बाजूचे बुकी धंदा करत होते आणि हा मान खाली घालून मोबाइल बघत आकडे मांडत होता. तोंडचं पाणी पळालंय त्याचं.

माझे घोडे: शेवटचा, शेवटून दुसरा (प्रगती!), शेवटचा.

१५ डिसेंबर, रविवार
बोर्ड बारकाईने बघितला. साडूचे घोडे माझ्याच क्रमाने आहेत. वरून खालपर्यंत. एका रेसमध्ये मी दोन घोड्यांना एकोणऐंशी दिले होते, त्या दोघांना त्याने एकच भाव लावलाय. क्षणभर शंका आली. मग म्हटलं, छे, क्रम कुणीही लावेल. अक्कल लागते ती भाव काढायला.

२२ डिसेंबर, रविवार
मेव्हणीकडे जाणं झालं. घरभर नवे पडदे. म्हणाली, भाऊजी, यांचा यंदासारखा हंगाम लग्न झाल्यापासून गेला नव्हता. मी मनात म्हटलं, वरून पडदे लावा, आतून पोखरलेले आहात.

दुर्बीण हॉलमध्ये कपाटावर ठेवलेली दिसली. पेटीवर धूळ होती. मी खिशातल्या रुमालाने पुसली. कुणी बघितलं नसावं. सासरे ही दुर्बीण डोळ्यांना लावायचे तेव्हा माझ्या खांद्यावर कोपर टेकायचे. त्याशिवाय हात स्थिर राहत नाही म्हणायचे. ती मला का दिली नाही हे मला अजून कळत नाही.

सूड आणखी पक्का.

११ जानेवारी, शनिवार
उद्या कप. हंगामातली सगळ्यात मोठी रेस. युद्धनिधीत उरलेलं सगळं एकाच घोड्यावर. साडू एकास साठ देणार, माझा जुना अंदाज आहे. जिंकलो की त्याचा बोर्ड, टेबल, छत्री, सगळं विकावं लागेल. मी त्याला माफ करीन. आधी दुर्बीण, मग माफी.

१२ जानेवारी, रविवार
ग्रँड ड्यूक. एकास साठच होता. अंदाज बरोबर.

साडूने चिठ्ठी परत केली. म्हणाला, भाऊ, घरात विचारलंय का? मी चिठ्ठी परत पुढे केली. त्याने दोनदा परत केली, मी तीनदा दिली. शेवटी उसासा टाकून घेतली.

रेस सुटली. वळणापर्यंत ग्रँड ड्यूक दिसत होता, नंतर बाकीच्यांच्या धुळीत दिसेना. पहिला आलेला घोडा माझ्या रेटिंगमध्ये चौऱ्याण्णववर होता. पाणी पाजून, अंग पुसून त्याला आत नेलं, तेव्हा ग्रँड ड्यूक आला.

१३ जानेवारी, सोमवार
काही लिहावंसं वाटत नाही. कपडे धुतले.

१८ जानेवारी, शनिवार
सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस, साडूच्या घरी. मला जायचं नव्हतं. ही म्हणाली, न गेलात तर मी एकटी जाईन आणि मशीनचं सगळं सांगून येईन. हिला माहीत होतं! केव्हापासून, विचारलं. म्हणाली, पहिल्या चादरीपासून.

केक कापून झाल्यावर साडू उठला. कपाटाकडे गेला, पेटी घेतली आणि माझ्यापुढे उभा राहिला. दोन्ही हातांनी पेटी पुढे केली. मान खाली. सगळ्यांसमोर.

शरण आला! बोर्ड मोडला! ग्रँड ड्यूक कुठल्या तरी तांत्रिक कारणाने पहिला ठरला असेल, असंही वाटून गेलं.

साडू म्हणाला, हा हंगाम भाऊंचा आहे. दरवर्षी मी रेटिंग करणाऱ्या माणसाला महिन्याला पैसे मोजायचो, आणि त्याचे आकडे निम्मे चुकायचे. यंदा भाऊ दर शुक्रवारी फुकट पाठवत होते. त्यावरूनच माझा सगळा बोर्ड लागला. भाऊ आजारी पडले तेव्हा तर मला घाम फुटला. अशी रेटिंग मी आयुष्यात बघितली नाहीत. मला वाटलं भाऊ घरच्या माणसासाठीच एवढं करताहेत. म्हणून ही दुर्बीण त्यांची.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी डोळे पुसले. म्हणाले, मी चुकलो रे, तुलाच द्यायला हवी होती.

मी पेटी धरून उभा.

मग साडू म्हणाला, एकच गोष्ट मला कळली नाही. एवढं चांगलं रेटिंग करून भाऊ प्रत्येक वेळी शेवटच्याच घोड्यावर का लावत होते? ब्याण्णव आणि पासष्ट म्हणजे सत्तावीसचा फरक, तो पासष्टवाला उद्या सकाळी पोचेल. मी किती वेळा अडवलं. अबोला होता म्हणून मला नीट सांगताही आलं नाही.

म्हणजे मी दोन महिने माझ्याच आकड्यांविरुद्ध पैसे लावत होतो. आणि जिंकत होतो मीच, साडूच्या टेबलावर बसून.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हिच्याकडे बघितलं. आता ही वर्गातल्या मुलीचं सांगणार. ही म्हणाली, यांना हरणाऱ्यांची फार दया येते हो. स्वभाव आहे.

ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

साडूने सोमवारी नवं मशीन पाठवतो म्हणून सांगितलं. रेटिंगचा मोबदला म्हणे. अबोला मोडून थँक्यू म्हणावं लागलं.

१९ जानेवारी, रविवार
हंगामाचा शेवटचा दिवस. दुर्बीण घेऊन एकटाच गेलो. कोपर टेकायला कुणाचा खांदा नव्हता, कठड्यावर टेकवलं. आधी साडूचा बोर्ड वाचला. शुक्रवारीच मी पाठवलेल्या क्रमाने होता, एक आकडा इकडचा तिकडे नाही.

ग्रँड ड्यूकवर थोडेसे लावले. सूड म्हणून नाही, ओळख झाली म्हणून.

सासरे म्हणायचे ते खरं आहे, काच उत्तम आहे. शेवटचा घोडा अगदी घामासकट स्पष्ट दिसतो.