पाणी म्हणा आधी

बाबा, आज खालापूरच्या दवाखान्यात एक बाई नवऱ्याला घेऊन आली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याची वाचा गेली आहे, आणि अशा माणसांना पुन्हा बोलतं करणं हेच आता माझं काम आहे. बाई म्हणाली, "मॅडम, आरती आख्खी म्हनतो, आन मला हाक मारायला तोंड उघडत नाय. ढोंगी हाय नुसता." तो ओशाळून हसला. मी तिला समजावलं, की पाठ केलेलं डोक्यात अख्खं राहतं, सुरुवात मिळाली की ओघात बाहेर येतं. साधं 'चहा दे' मात्र दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं. हजारो शब्दांतून नेमका एक शोधायचा, मग तोंडाला तो घडवायला सांगायचं. बोलणं धड असतं तोवर आत एवढं काम चाललंय हे कळतसुद्धा नाही. मोडलं की त्याचे भाग दिसू लागतात. "मंजी याला कळतंय समदं?" बरंचसं कळतंय, मी म्हटलं. ती त्याच्याकडे वळली. "मंग तुज्या आयला शिव्या घालीत व्हते ते बी ऐकलंस का रं?"

मी हसले, आणि मला कशेळ्याचं आपलं घर आठवलं. मी बारावीत. तुमचा टेंपो दारात उभा, तुम्ही तशाच झटक्यानं खाटेवर, आई मजुरीला गेलेली. तुम्ही डाव्या हातानं माठ दाखवता. मी पेला भरते, पण देत नाही. कुणीतरी सांगितलंय, बोलायला लावा म्हणजे सुधारतील. "पाणी म्हणा आधी." तुमच्या कपाळावर शीर उभी राहते, आणि बाहेर येतं त्रिशरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', विहारात म्हणायचात तसं स्वच्छ. "बाबा, पाली येते आन एवढं येत नाय? थट्टा करता का माझी?" तुम्ही पुन्हा जोर लावता. पुन्हा तेच. मी पेला माठावर ठेवून क्लासला निघून जाते.

तुम्ही पाणीच मागत होतात. तुमच्या तोंडाशी मात्र त्रिशरणच येत होतं, हे कळायला मला घरातली पहिली पदवी घ्यावी लागली. पोरगी बापासाठी शिकली, असं आई सगळ्यांना सांगते. मी ऐकून घेते.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "बाबाला पाणी दिलंस का गं?" मी हो म्हणाले. तुम्ही समोरच होतात. मान हलवून नाही म्हणणं तुम्हाला जमत होतं, आणि तुम्ही ती हलवली नाहीत. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.